दुसऱ्या गाडीचे इंजिन

मिरजेत 'डोनर' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गाव इस्पितळांचे. रक्ताचा डोनर, किडनीचा डोनर, रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मिस्त्रीचाचांचा पुतण्या आमच्या अंगणात उभा राहून "सर, आता डोनर शोधायला लागणार" असे म्हणाला, तेव्हा आत तांदूळ निवडत बसलेल्या अम्मींच्या हातातले सूप थांबले.

"किसकू क्या हुआ रे?" त्यांनी आतूनच विचारले.

गाडीला झाले होते. आमची वॅगन आर, 2007 सालची, 1061 सीसी, चार सिलिंडरची. 2013 मध्ये एका डॉक्टरांकडून घेतलेली. पोरांच्या शाळा, अम्मींचे गुडघ्यांचे उपचार, ईदेला बहिणीच्या घरी जाणे, सगळे तिच्यावरच. अम्मींना एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत. गाडी बंद म्हणजे अम्मी घरात बंद, एवढा सरळ हिशोब होता.

दोष कुणाचा ते आधी सांगून टाकतो, कारण वर्गात पोरांना आम्ही हेच सांगतो. चिपळूणला भाचीचे लग्न झाले. परतीच्या वाटेवर कुंभार्ली घाट चढताना तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागला. बेगमने पाहिले आणि म्हणाल्या, "थांबा ना जरा." आम्ही म्हणालो, "आता कोयनानगर आलंच, तिथे सावलीत थांबू." मागे चार माणसे, डिकीत लग्नाच्या पिशव्या, वर मे महिन्याचे ऊन. कोयनानगर यायच्या आधी गाडीच थांबली. बॉनेटमधून वाफ आणि एक गोडसर वास. रेडिएटरचा जुना होज पाईप फुटला होता. त्यातही दोन वर्षे आम्ही कूलंटऐवजी नळाचे पाणी घालत होतो. कूलंट महाग वाटायचे. एसी बंद करून हीटर पूर्ण चालू केला असता तर थोडी उष्णता तरी इंजिनातून ओढली गेली असती, हेही नंतर कळले. आणि सर्वात सोपा उपाय, लगेच थांबणे, तो तर बेगमने सांगितलाच होता.

कराडच्या एका गॅरेजवाल्याने ऑइलची पट्टी ओढून दाखवली. ऑइल काळे नव्हते. चहात दूध जास्त पडावे तसे फिके, फेसाळ. ऑइलमध्ये पाणी मिसळले होते. "इंजिन गेलं," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. तिथून दोरीने नाही, टेम्पोवर चढवून गाडी मिरजेला आणली.

मिस्त्रीचाचा आमच्या अब्बांच्या वेळचे. त्यांनी प्लग काढून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. मधले दोन अगदीच खाली. मग हात पुसत त्यांनी तीन वाटा सांगितल्या. इंजिन पूर्ण खोलून नवे करायचे, पंचेचाळीस हजार. जुन्या बाजारातून दुसरे चालू इंजिन आणून बसवायचे, सगळे मिळून अठ्ठावीस हजार. नाहीतर भंगारात द्यायची, तीस हजार हातात येतील. "तापलेल्या इंजिनाचा भरवसा नाही गुरुजी. माझं ऐकाल तर दुसरं इंजिन टाका." पुतण्या आयटीआय शिकलेला, त्याच्या तोंडी डोनर.

घरात चर्चा सुरू झाली. धाकट्याला नवी गाडी हवी होती. नवी म्हणजे कर्ज, कर्ज म्हणजे व्याज, आणि त्या वाटेला जायचे नाही हे आमच्या घरात अब्बांपासून ठरलेले. शिलकीत होते काय, तर बिशीचे पन्नास हजार. शाळेतल्या दहा शिक्षकांनी दरमहा पाच हजार घालून चालवलेली बिशी, आमचा नंबर मे मध्ये लागलेला. पण ते पैसे मुलीचे. बारावीनंतर तिला डी.फार्म.ला जायचे होते, प्रवेशाच्या वेळी फी भरायची होती. मुलगी काहीच बोलली नाही. तिने फक्त एका कागदावर फी, पुस्तके, एप्रन, बसपास असे लिहून तो कागद फ्रिजवर मॅग्नेटने लावला. पाणी प्यायला गेले की तो दिसायचा.

पंचेचाळीसपेक्षा अठ्ठावीस कमी. मग आम्ही इंजिन शोधायला लागलो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे, तशी दुकाने आता प्रत्येक मोठ्या शहराच्या कडेला. कुणीतरी अशाच एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याचा नंबर दिला. त्याने मोबाईलवर फोटो पाठवला. डिझेलने धुतलेले, चंदेरी रंग मारलेले इंजिन, नवरीसारखे. बावीस हजार. "फक्त चाळीस हजार चाललंय." आम्ही विचारले, बिल? कुठल्या गाडीचे आहे ते?

"बिल काय करता सर? आरटीओचं टेन्शन असेल तर तुमचा जुना नंबर त्यावर मारून देतो. घासून, पंच करून. कुणाच्या बापाला कळणार नाही."

खरे सांगायचे तर आम्हाला पहिल्यांदा हायसे वाटले. आरटीओच्या फेऱ्या वाचल्या, एवढेच डोक्यात आले. दोन हजार ॲडव्हान्स त्याच दुपारी पाठवले.

रात्री झोप लागेना. इंजिनावरचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. तोच आरसी बुकात, तोच विम्याच्या कागदावर. तो घासून दुसरा का मारावा लागतो? आधीच्या नंबराला कुणीतरी शोधत असेल म्हणून. मेरठचा सोतीगंज बाजार वर्षानुवर्षे याच धंद्यासाठी बदनाम होता, चोरलेली गाडी आत गेली की सुटे भाग होऊन बाहेर यायची. डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी तो बंद केला. आमच्या गाडीत बसणारे इंजिन कुणाच्या दारातून रात्री उचललेल्या गाडीचे असेल, आणि त्याच गाडीतून आम्ही अम्मींना घेऊन ईदेला जाणार. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या पैगंबरांचा (स.) प्रसंग आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. चंदेरी रंग पाहिला तेव्हा तो आठवला नव्हता.

सकाळी व्यापाऱ्याला नको म्हणून कळवले. ते दोन हजार परत आले नाहीत. घरात हा आकडा या लेखातूनच पहिल्यांदा कळेल.

मग कायद्याकडे वळलो. हे आधी करायला हवे होते. इंजिन बदलण्याला बंदी नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी लागते, आणि बदल झाल्यावर आरसीवर नव्या नंबराची नोंद. त्यासाठी ते इंजिन कुठून आले याचा कागद हवा. म्हणजे बिल, आणि ज्या गाडीतून काढले तिच्या आरसीची नक्कल. नोंद न करता गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीच्या माणसाने बॉनेट उघडून नंबर पाहिल्यावर काय होईल ते सांगायला वकील नको. चोरीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 'वाहन समन्वय' या सोयीत इंजिन किंवा चासी नंबर टाकून पाहता येते. पुतण्याची आणखी एक कल्पना होती. 2010 नंतरच्या वॅगन आरमधले 998 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन टाकू, मायलेज वाढेल. तो उत्साहाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होता. पण ते इंजिन वेगळ्याच जातीचे. माउंटिंग, वायरिंग, ईसीएम सगळे बदलणार. शिवाय जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की, कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. चाचांनी त्याला एवढेच सांगितले, "बाळा, मोबाईल ठेव आणि दहा नंबरचा पाना दे."

म्हणजे हवे होते तसेच 1061 सीसीचे इंजिन. तेही गॅसवर न चाललेले. 2006 पासून वॅगन आर एलपीजीसह 'ड्युओ' नावानेही येत होती. गॅसवर भरपूर धावलेल्या इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि सीट लवकर झिजतात, ती चाचांना नको होती. आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, आमच्या कामाला लागली नाही तरी कुणाच्या तरी लागेल. ज्या गाड्यांच्या चावीत चिप असते, तिथे ईसीएम आणि चावीची जोडी जुळवलेली असते. इंजिनासोबत दुसरा ईसीएम आला आणि त्याची चावी आली नाही, तर गाडी सुरू होत नाही.

तीन आठवडे गेले. अम्मी बहिणीकडे जायच्या होत्या, त्या गेल्या नाहीत. "मला काही घाई नाही," त्या म्हणायच्या आणि दुपारी दाराशी बसून रस्ता बघायच्या.

आमच्या शाळेतल्या शिपायाच्या सासुरवाडीहून खबर आली. तासगावकडच्या एका वाडीत निवृत्त तलाठी आहेत, त्यांची 2008 ची वॅगन आर उभी आहे. मागून उसाच्या ट्रॅक्टरने ठोकलेली. पुढचा भाग शाबूत. एका रविवारी आम्ही, चाचा आणि पुतण्या त्याच्या टेम्पोतून गेलो.

गाडी गोठ्याशेजारी उभी होती. मागची काच नाही, डिकी आत घुसून सीटला टेकलेली. अण्णा धोतर सावरत बाहेर आले. काकूंनी आधी पाणी दिले, मग चहा. देव्हाऱ्यात असते तशी विठोबाची बोटभर मूर्ती डॅशबोर्डवर चिकटवलेली होती. अण्णा दर कार्तिकीला याच गाडीने पंढरपूरला जात. ठोकर बसली तेव्हा गाडी रस्त्याकडेला उभी होती आणि आत कुणी नव्हते, हे ऐकून आम्हाला का कोण जाणे बरे वाटले. कुणाचा जीव गेलेल्या गाडीचे इंजिन घेणे आम्हाला जड गेले असते. त्याला काही आधार नाही, पण मनाचे असे असते.

अण्णांनी सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीतून काढले. आरसी, जुने विमे, सर्व्हिसची पावती न् पावती. चाळीस वर्षे सातबारे सांभाळलेला माणूस. आणि आम्ही काही विचारायच्या आत म्हणाले, "गुरुजी, एक सांगतो. ही ऑइल पिते. पाचशे किलोमीटरला अर्धा लिटर. दोन वर्षं झाली. मिस्त्री म्हणत होता इंजिन उतरवा, मी उतरवलं नाही. तुम्ही इंजिनासाठी आलाय, नंतर म्हणाल अण्णानं फसवलं."

भंगारवाला त्यांना आदल्याच दिवशी भेटून गेला होता. त्याला अण्णांनी हे सांगितले नव्हते, कारण तो वजनावर घेणार होता.

चाचा आमच्याकडे पाहू लागले. तीन आठवड्यांनी सापडलेले इंजिन आणि ते असे. आम्ही म्हणालो, निघू या. पण चाचा आले होते ते मोजल्याशिवाय जाणारे नव्हते. बॅटरी जोडली, गाडी दोन हिसक्यांत सुरू झाली. मागून निळा धूर. गरम झाल्यावर प्लग काढून कॉम्प्रेशन घेतले. पहिला आणि चौथा कमी. मग चाचांनी ऑइलच्या कॅनमधून चहाचा चमचाभर ऑइल त्या सिलिंडरमध्ये सोडले आणि पुन्हा मोजले. काटा वर गेला, जवळजवळ बाकीच्यांच्या बरोबरीला.

ही परीक्षा वाचकांनी लक्षात ठेवावी. कॉम्प्रेशन कमी असण्याची दोन मुख्य ठिकाणे. खाली पिस्टनच्या रिंगा, नाहीतर वर हेडमधले व्हॉल्व्ह आणि गॅस्केट. ऑइल टाकले की ते रिंगांच्या फटी तात्पुरत्या भरते. काटा वर गेला तर दोष खाली. नाही हलला तर दोष वर. अण्णांच्या गाडीचा दोष खाली होता.

चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. परतताना कवलापूर ओलांडल्यावर एकदम म्हणाले, "गुरुजी, चूक माझी. हे तुमच्या गाडीला मी केलंच नाही. फिकं ऑइल बघितलं आणि इंजिन गेलं म्हणालो."

त्याच संध्याकाळी मोबाईलच्या उजेडात त्यांनी आमच्या गाडीचे मधले दोन सिलिंडर तपासले. ऑइल टाकले, मोजले. काटा जागचा हलला नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर, दोन्हींत सारखेच कमी, आणि ऑइल टाकूनही वाढ नाही. मधले गॅस्केट उडाले असणार. रिंगा दोन वर्षांपूर्वीच बदललेल्या, त्या वाचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हेड उतरवले. ॲल्युमिनियमचे हेड तापले की वाकते. चाचांनी सरळ पट्टी आडवी धरून खालून फिलर गेज सरकवला. या इंजिनाला 0.05 मिलिमीटरपर्यंत वाकणे चालते. आमच्यात त्याच्या पाचपट पान आरपार गेले. तेवढेच असते तर घासून सरळ करता आले असते, पण दोन व्हॉल्व्हच्या सीटच्या मध्ये केसासारखी चीर होती. कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन दाखवले. तिथल्या कारागिराने भिंग लावून पाहिले आणि मान हलवली. वेल्डिंग टिकणार नाही. ब्लॉक मात्र सरळ होता, बोअरवर होनिंगच्या तिरक्या रेषा अजून दिसत होत्या.

म्हणजे आमचे खालचे चांगले आणि वरचे गेलेले. अण्णांचे वरचे चांगले आणि खालचे गेलेले.

हे सांगायला आम्ही पुन्हा वाडीवर गेलो. अण्णांना ते ऐकून हसू आले. "म्हणजे दोन म्हाताऱ्यांत एक धडधाकट!" फक्त हेड हवे म्हटल्यावर त्यांनी तीन हजार मागितले. भंगारवाला एवढ्या वजनाचे दोन हजारही कापणार नव्हता. आम्ही पाच दिले. हे दानशूरपण नव्हे. ऑइलची गोष्ट त्यांनी सांगितली नसती, तर चाचांनी कदाचित ऑइलचा चमचा काढला नसता, आणि आम्ही ते इंजिन तसेच उचलून आणले असते.

हेडला नंबर नसतो, तो ब्लॉकवर. आमचा ब्लॉक आमच्याच गाडीत राहिला, म्हणून आरसीत बदल नाही. तरी पावती घेतली, अण्णांच्या आरसीची नक्कल जोडून फाईलमध्ये ठेवली. सोळा व्हॉल्व्ह घासून बसवणे आणि हेडचे फेसिंग उद्यमनगरात बत्तीसशे. गॅस्केट सेट, नवे बोल्ट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज पाईप, ऑइल आणि या वेळी अस्सल कूलंट, मिळून नऊ हजार तीनशे. मजुरी साडेसहा, चाचांनी त्यातलेही पाचशे कमी करायला काढले होते, आम्ही घेऊ दिले नाही. हेडचे पाच धरून चोवीस हजार. बुडालेले दोन वेगळे. बेल्ट आणि पंप जुनेच ठेवले असते तर आणखी वाचले असते, पण चाचा म्हणाले, उघडलंय तर आत्ताच, पुन्हा त्याच मजुरीचे पैसे कशाला देता.

बिशीतले सव्वीस राहिले. बेगमनी ईदेसाठी बाजूला ठेवलेले त्यात घातले, उरलेल्या फीसाठी मुलीने स्वतः शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. प्रवेश झाला. तो कागद अजून फ्रिजवर आहे, चार ओळींपैकी तीन खोडलेल्या. एप्रन आत्याने शिवून दिला.

आम्ही शहाणपण केले की भावनेच्या भरात चोवीस हजार घातले, याबद्दल स्टाफरूममध्ये मतभेद आहेत. गणिताच्या सरांचे म्हणणे, सत्तर हजारांच्या गाडीवर चोवीस म्हणजे तोटा. आरसीची मुदत जून 2027 ला संपते. तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल आणि आता वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी दहा हजार झाली आहे, 2022 मध्ये आम्ही पाच भरले होते. त्यांचे गणित चुकीचे नाही. आम्ही ठरवले आहे ते इतकेच की, 2027 पर्यंत मुलीचे शिक्षण संपत येईल, तेव्हा पुन्हा हिशोब मांडू. पण तेव्हा अम्मी किती वर्षांच्या असतील हा आकडा गणिताच्या सरांच्या कागदावर नव्हता.

अण्णांची गाडी मागच्या महिन्यात भंगारात गेली. आरसी रद्द करायला आम्ही त्यांच्याबरोबर सांगलीच्या आरटीओत गेलो होतो, बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. गाडी न्यायला माणसे आली तेव्हा काकूंनी विठोबाची मूर्ती काढून ठेवायला सांगितली. डिंक घट्ट बसला होता, धाकट्याने पट्टीने हळूहळू सोडवली.

अम्मी परवा बहिणीकडे जाऊन आल्या. आता वाटेत दर दहा मिनिटांनी त्या पुढे वाकून विचारतात, "काटा कुठं आहे?" आम्ही सांगतो, मध्यावर.